विहीणबाईंस, एकोणीस जणांच्या डोळ्यांबद्दल

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

मुक्काम आटपाडी,
श्रावण, बुधवार, दुपारी भाकरी झाल्यावर

वडूज मुक्कामी रंगूबाई विहीणबाईंना आटपाडीच्या अंबूबाईचा हात जोडून नमस्कार. नाही, थांबा, हात जोडून नको. आमच्या वस्तीवरच्या आशाताईनं (दवाखान्याकडनं घरोघरी फिरते ती) माझे दोन्ही हात सध्या लोकांपासून लांब ठेवायला सांगितले आहेत. तेव्हा नमस्कार लांबूनच, आणि तो साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन केलेला आहे असं समजून घ्यावा. आधी तुमच्या डोळ्यांची खुशाली कळवा. लाली उतरली का? सकाळी उठताना पापण्या अजून चिकटतात का? खाज येते का, आणि आली तर पदरानं चोळत नाही ना? डोळ्यांचं झालं की मग गुडघ्यांचं कळवा, मग रक्तदाबाचं, मग म्हशीचं. आमच्याकडं सगळे बरे आहेत, म्हणजे एकमेकांकडं बघू लागले आहेत.

हे पत्र मी सांगते आहे आणि माझी नात स्वप्नाली लिहिते आहे. म्हणजे तीच, जिचा पंधरवड्यामागं तुमच्या नातवाशी, अमृतशी, आमच्या अंगणात साखरपुडा झाला. मला अक्षर येत नाही. शाळेत मी आयुष्यात एकदाच गेले, आमची शेळी आत शिरली होती ती बाहेर काढायला. (शेळी माझ्यापेक्षा जास्त वेळ शाळेत होती.) मी 'न्हाई' म्हटलं की ही 'नाही' लिहिते, 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहिते, म्हणते, "आजी, पत्रात बरं दिसत न्हाई." करू दे. तुम्हीही अक्षराच्या बाबतीत माझ्याच वर्गातल्या, तेव्हा पत्र अमृतच वाचणार. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तो ओट्यावर बसून बेंबीच्या देठापासून ओरडून वाचणार आणि तुमची अख्खी आळी भांडी घासायची थांबवून ऐकणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. ऐकू दे. त्यासाठीच फोन सोडून पत्र धाडते आहे. फोन केला की तुमच्या लेक मायाबाईच उचलतात आणि "रेंज न्हाई" म्हणून ठेवून देतात. रेंज नसताना रेंज नाही हे मला इतकं स्वच्छ कसं ऐकू येतं, ते काही अजून उमगलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. साखरपुडा रविवारी झाला. मंगळवारपासून तुमच्याकडं डोळे यायला लागले आणि गुरुवारपर्यंत आमच्या अंगणात जेवून गेलेली एकोणीसच्या एकोणीस माणसं लाल झाली. गुरुवारी संध्याकाळी मायाबाईंचा फोन आला. मी तो स्पीकरवर ठेवला होता (मला बंद करता येत नाही), त्यामुळं त्यांचं बोलणं आमच्या शेळ्यांनीसुद्धा ऐकलं. "आवं, साखरपुड्यालाच एकोनीस मानसं आंधळी केली, लग्नाला काय करशीला? पोरीचा पायगुन आमास्नी बरा दिसंना. तारखंचं मागनं बघू." इतकं म्हणून ठेवला. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरायची असं आपल्यात अंगणात बसून ठरलं होतं. ती आता 'मागनं' झाली. अमृतची रजा येत्या रविवारी संपते, तो एकदा मिलिट्रीत परत गेला की लग्नाची रजा तिकडं आधी मागावी लागते, आणि तारीखच नसेल तर तो मागणार कशाची? पोर माझी तेव्हापासून भाकरी थापते ती सगळी चौकोनी थापते. म्हणून हे पत्र. पायगुण कुणाचा, ते मी सगळ्या आळीला सांगते. पोरीचा नाही. माझ्या बोटाचा. कसा, ते आता पाणी पिऊन सांगते.

झालं असं की साखरपुड्याच्या आधी आठवडाभर साथ आली आली म्हणून गवगवा झाला होता. शाळेत मुलं लाल, बँकेत साहेब लाल, दूध डेअरीवर माप घालणारा असा लाल की दुधापेक्षा त्याच्याकडंच लोक बघत. मी इतकी वर्षं काढली, मला डोळ्यांच्या साथीतलं सगळं कळतं असा माझा समज. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यात डोळा घातला की आपलेही येतात, हे मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. म्हणून साखरपुड्याच्या सकाळी मी आमच्या सगळ्यांना उभं करून ताकीद दिली: पाहुणा कितीही मोठा असो, कुणी कुणाच्या डोळ्यात बघायचं नाही. बोलायचं ते छपराकडं बघून बोलायचं.

तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "मांडव लय बघतायसा गं समदी." माझा मुलगा आप्पासो आणि तुमचा मुलगा, दोघे व्याही, मानपानाचं बोलणं वर पत्र्याकडं बघत करत होते. पत्र्यावर एक पाल होती, ती दोघांच्याही ओळखीची झाली. पोरीला मी जमिनीकडं बघायला लावलं, तर तुमच्याकडच्या बायका म्हणाल्या, "गुनाची हाय, मान वर करत न्हाई." फोटोवाल्यानं तीनदा सांगितलं, "हिकडं बघा की!" कोण बघतंय? आता फोटो आलेत. चाळीस फोटो आहेत आणि एकातही एक माणूस दुसऱ्याकडं बघत नाही, सगळे आभाळातून विमान जातंय असे दिसतात. आणि अमृतनं तर काळा गॉगल आल्यापासून जाईपर्यंत उतरवलाच नाही. मी तेव्हाच तुमच्या कानाशी ओरडले होते की बघा, पोरगा किती शहाणा, सगळ्यांत साथीची काळजी घेतोय तो हाच.

आता एवढी नजरेची राखण करणारी मी. आणि हातानं काय केलं ते ऐका.

पहिलं काजळ. आमच्यात शुभकार्याच्या दिवशी घरातल्या थोरल्या बाईनं सगळ्या बायामुलींना काजळ घालायचं असतं. माझं काजळ घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून पाडलेलं, आत शेळीचं तूप. असं काजळ आटपाडी तालुक्यात दुसरीकडं मिळत नाही (आता तर कुठंच मिळणार नाही, आशाताईनं डबी जप्त केली). साथ आहे म्हणून या वेळी जरा जास्तच घातलं, औषधासारखं. आदल्या दिवशी वस्तीवरच्या चार पोरांना घातलं, त्यांतल्या एकाचे डोळे जरा चिकट होते, मी म्हटलं झोप झाली नसेल. रविवारी पहिलं स्वप्नालीला घातलं. मग तुम्हाला. मग तुमच्या बरोबर आलेल्या सात जणींना. डबी एक, बोट एक. बोट प्रत्येकीनंतर पदराला पुसलं की मी! पदराला पुसलं म्हणजे स्वच्छ झालं, असं आपल्यात असतंच ना? तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी डोळा घट्ट मिटला होता, तर मी तो दोन बोटांनी उघडून घातलं. (त्यांची मी स्वतंत्र क्षमा मागते. त्यांना म्हणावं, तुमची बुद्धी चांगली होती, मीच नको ती आपुलकी दाखवली.)

दुसरा टॉवेल. पाहुणे आले की दारात पाय धुवायला पाणी आणि तोंड पुसायला टॉवेल हा रिवाज. आमच्याकडं पाहुण्यांचा म्हणून एक खास टॉवेल ट्रंकेत असतो, हिरव्या काठाचा, मऊ, डांबराच्या गोळीच्या वासाचा. काजळाच्या बोटांनीच मी त्याची घडी उलगडली आणि अमृतच्या हातात दिला. नवरदेवाचा मान पहिला. त्यानं गॉगलाखालनं पुसून वडलांना दिला, वडलांनी आपल्या थोरल्या चुलत्यांना, त्यांनी मामांना, असा तो अकरा पुरुषमाणसांमधून मानाप्रमाणं गेला आणि शेवटी गाडीच्या ड्रायव्हरपाशी पोचला तेव्हा पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. आणि विहीणबाई, खरी शरम इथं आहे. त्याच वेळी आत खाटेखाली अकरा कोरे करकरीत टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलेले होते, टोप्यांसकट, तुमच्याच पुरुषमाणसांना आहेर करायला! ते दुपारी दिले. म्हणजे अकरा जणांची तोंडं एका टॉवेलानं पुसून घेतली आणि मग प्रत्येकाला वेगळा टॉवेल देऊन घरी पाठवलं.

हे सगळं उघडकीला आणलं सोनमनं. सोनम ही आमची आशाताई, शेजारच्या घरातलीच पोर, मी तिला दुपट्यात बघितलेली. मायाबाईंच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी ती आली ती काखेत रजिस्टर घेऊन, एखादा फौजदार यावा तशी. उंबऱ्यावर उभी राहून विचारते, "आजी, घरात कुणाचे डोळे कवा आले, वारासकट सांग." मी छपराकडं बघून सांगू लागले. ती म्हणाली, "वर काय बघतीयास?" मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यात बघून मला यायचे." ती हसली ती अशी हसली की रजिस्टर खाली पडलं.

"आगं आजी, बघून न्हाई येत डोळे. हातानं येतात."

"हातानं डोळं येत्यात? मग पायानं काय येतं, कान?"

मग तिनं मला खाली बसवून शिकवलं. आता मी तुम्हाला शिकवते, नीट ऐका, आळीनंही ऐकावं. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यातनं पाणी येतं, चिकटा येतो. तो माणूस डोळा चोळतो, तोच हात कडीला लावतो, तांब्याला लावतो, पोराच्या गालाला लावतो. दुसरा माणूस ती कडी धरतो आणि आपला डोळा चोळतो. झालं, रोग चालत घरी आला, त्याला एस.टी.सुद्धा लागली नाही. टॉवेल, रुमाल, उशी, काजळ, गॉगल, दुसऱ्याच्या डोळ्यातली औषधाची बाटली, ही सगळी त्याची वाहनं. लागण झाली तरी डोळा लगेच लाल होत नाही, दोन-तीन दिवस जातात, कधी जास्त. आधी वाळू गेल्यासारखं टोचतं, मग लाली, मग पाणी, मग सकाळी पापण्या गोंद लावल्यासारख्या. बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत आपोआप बरं होतं, पण फारच दुखलं, धूसर दिसायला लागलं, उजेड सोसेना झाला तर डॉक्टरकडं जायचं, मनानं थेंब आणून घालायचे नाहीत. आणि दिवसातून दहा वेळा हात धुवायचे, साबणानं, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. मी म्हटलं, "एवढं पानी हुतं कवा आटपाडीत?" ती म्हणाली, "आता कॅनॉल आलाय, सबब सांगू नगं."

त्यावर आणखी डेंगीचंही सांगून गेली, आलीच आहे तर. आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी, टाक्या, रांजण रिकामे करून कोरडे ठेवायचे म्हणे, डासाची अंडी होऊ नयेत म्हणून. मी म्हटलं, बाई, कॅनॉल यायच्या आधी आम्ही वर्षातनं तीनशे दिवस हेच करत होतो, तेव्हा आम्हाला कुणी आरोग्याचं बक्षीस दिलं नाही.

मग तिनं टॉवेल मागितला, डबी मागितली, माझं बोट मागितलं. बोट उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "ह्ये बोट न्हवं आजी, ही एस.टी. हाय. समद्या गावांस्नी थांबतीया." तिची आणि तुमच्या वडूजकडच्या आशाताईची ट्रेनिंगमध्ये ओळख. तिनं तिथल्या तिथं फोन लावून तुमच्याकडं कुणाचे कधी आले ते लिहून घेतलं आणि माझ्या टॉवेलाच्या यादीशेजारी धरलं. विहीणबाई, तुम्हाला सांगते, रोगानं मानपान काय पाळला आहे! मंगळवारी तुमच्या मुलाचे आले, मंगळवारीच थोरल्या दिरांचे, बुधवारी सकाळी मामांचे, बुधवारी दुपारी भावकीचे, आणि गुरुवारी सगळ्यांत शेवटी ड्रायव्हरचे. एकानंही दुसऱ्याच्या पुढं पाऊल टाकलं नाही. बायकांचं काजळाच्या रांगेप्रमाणं. फक्त मायाबाईंचे दोन्ही डोळे एकदम आले, बाकीच्यांचे आधी एक, मग दुसरा. सोनमला त्याचं कोडं पडलं. मला नाही पडलं. मायाबाईंनी काजळही घालून घेतलं होतं आणि नवरदेवाची आत्या म्हणून पुरुषांच्या रांगेतला टॉवेलही मागून घेतला होता. त्यांना दोन्हीकडचा मान मिळाला. (हे वाचताना, अमृत, आवाज जरा बारीक केलास तरी चालेल. पण गाळू नको.)

आमच्याकडचं काय झालं म्हणाल तर आमचे मोजले नाहीत, आपलीच माणसं. स्वप्नालीचेही आले, माझ्याच काजळानं. आप्पासोचे आले तेव्हा मी सोनमला न विचारता त्याच्या डोळ्यात काळ्या शेळीचं ताजं दूध घातलं, ते माझं जुनं औषध. दिवसभर माश्या त्याच्या मागं आणि तो माश्यांच्या पुढं, अशी वरात वस्तीभर फिरली. रात्री उशीला मुंग्या लागल्या. सोनम म्हणाली, "आजी, डोळा हाय का चहा?" तेव्हापासून माझ्यावर पहारा आहे. डेअरीवर गेले तर बायका पदर डोळ्यांवर ओढून घेतात. नळावर तान्ह्या पोराच्या गालाला बोट लावायला हात पुढं केला तर त्याच्या आईनं पोर घेऊन शर्यतीत पळावं तसं पळून दाखवलं. ज्या बोटानं अर्ध्या तालुक्याच्या नजरा काढल्या त्या बोटाला आता घरात कुणी पिठाच्या डब्यालाही लागू देत नाही. चटणीसुद्धा मला चमच्यानं वाढतात.

तर विहीणबाई, हिशेब असा लागला. दोष माझ्या बोटाचा, टॉवेलाचा आणि माझ्या सासूच्या सासूचा. पोरीनं त्या दिवशी तुमच्या एकाही माणसाला हात लावलेला नाही, तुमच्या पायांना लावला तेवढाच, आणि पायाला डोळे येत नाहीत. उलट पोर नशीबवान म्हणायची. लग्नात तीनशे माणूस जेवायला बसतं, तिथं जर मी ही डबी उघडली असती तर तुमचा खटाव आणि आमचा आटपाडी, दोन्ही तालुके चाचपडत घरी गेले असते. साखरपुड्याला कळलं ते बरं झालं. लग्नाला दारातच साबणाच्या चार वड्या आणि नळाची तोटी ठेवू, प्रत्येकाला टॉवेल वेगळा देऊ आणि तो आल्याबरोबर देऊ, जाताना नाही. काजळ ज्यानं त्यानं आपल्या घरून घालून यावं. आणि मला हवं तर मांडवात हात बांधून बसवा, फक्त अक्षता टाकायला कुणी तरी सोडलं म्हणजे झालं.

तुमच्या सगळ्या एकोणीस माणसांना, एकेकाला वेगळा आणि लांबून नमस्कार. म्हशीला मात्र माझा हात फिरवा, तिला चालतं असं सोनम म्हणाली.

आपली,
अंबूबाई
(डाव्या हाताचा अंगठा, आत्ताच धुतलेला)

ता. क. वर एवढं सांगून खरी गोष्ट सांगायची राहिली असं नको व्हायला. हे पत्र घेऊन आप्पासो उद्या वडूजच्या बाजाराला येतो आहे. तो तुमच्या दारात उभा राहील आणि पत्र वाचून होईपर्यंत चहाला हो म्हणणार नाही. त्याला रिकाम्या हातानं परत पाठवू नका. तुळशीच्या लग्नानंतरचा कुठलाही वार सांगा, आम्ही नाही म्हणणार नाही. मायाबाईंना लग्नात जो मान पाहिजे तो आम्ही दुप्पट देऊ. त्यांना दुप्पट सोसतो हे आता सिद्धच झालं आहे.

ता. क. दुसरा. हा अमृतसाठी. बाळा, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नको. पण गपही बसू नको, तुझ्या आजीला लगेच संशय येईल, आणि दारात आप्पासो उभा आहे, त्यालाही यातलं काही ठाऊक नाही. तोंडानं आमच्या शेळ्यांची खुशाली ओरडत राहा: काळी गाभण आहे, पांढरी पाला खात नाही, बोकडाला शिंगं फुटली. आणि डोळ्यांनी हे वाच.

साखरपुड्याला तू माझ्या पाया पडलास तेव्हा तुझा गॉगल नाकावरनं घसरला आणि मी वरनं बघितलं. तुझे डोळे टॉवेल हातात घ्यायच्या आधीच पिकल्या लाल मिरचीसारखे होते. स्वप्नालीचेही मी काजळ घालायच्या आधीच लाल होते, ते झाकायलाच तिला दुप्पट घातलं. वस्तीवरच्या पोरांचे तिच्यानंतर आलेत, पत्रात मी ते उलटं सांगितलं आहे. आता सोनम म्हणते लागण होऊन लाली यायला दोन-तीन दिवस जातात. मला अक्षर येत नाही, पण रविवारच्या तीन दिवस मागं गेलं की गुरुवार लागतो एवढं येतं. गुरुवारी ही परीक्षेचा फॉर्म भरायला साताऱ्याला गेली होती आणि येताना कंदी पेढे घेऊन आली. आणि साखरपुड्यात तुझी आजी मला कौतुकानं सांगत होती की आमच्या अमृतनं गुरुवारी साताऱ्याहून कंदी पेढे आणले. मी सोनमसमोर काही बोलले नाही. सोनम गेल्यावर पोरीला फक्त एवढं विचारलं, "फॉर्म गोड हुता का गं?" तर रडायलाच लागली. मग सगळं सांगितलं. स्टँडाबाहेर गाड्यावर गॉगल टांगलेले, तू एक घातलास, मग तिनं घातला, मग फोटो, मग परत तू. त्या गॉगलात तुमच्याआधी निम्म्या साताऱ्यानं आपलं तोंड बघून घेतलेलं असणार. (लिहिणारी इथं थांबली आहे. तिचे कान लाल झाले आहेत. कानांची साथ नाही, मी सोनमला विचारून घेतलं.)

मी रागावले नाही. मी लग्नाआधी माझ्या नवऱ्याचं तोंड बघितलं नव्हतं, आणि नंतर बघून काही फायदा झाला असंही नाही. तुम्ही दोघं आधी भेटलात, पेढे खाल्ले, हसलात, ते मला बरंच वाटलं. पण एका गोष्टीचा राग आहे. इतके दिवस तुझी आत्या माझ्या पोरीचा पायगुण काढते आहे आणि तू त्याच घरात बसून डोळ्यात थेंब घालून घेतोयस. सीमेवर रात्रंदिवस उभा राहतोस न्हवं? मग आत्याम्होरं उभं राहायला काय झालं रं? गॉगलचं सांगू नको, साताऱ्याचं सांगू नको. सोनमनं रजिस्टरात पहिल्या ओळीत 'कारण समजले नाही' असं लिहिलं आहे, आणि पत्रात मी दोष सगळा माझ्या बोटाला दिला आहे. तो तूच आत्ता तुझ्या तोंडानं आळीला ओरडून वाचलास, म्हणजे साक्षही तुझीच झाली. माझं काय, मला आता कुणी बघायला येणार नाही. माझ्या बोटाला नाव पडलं तरी चालेल, पोरीच्या पायाला पडता कामा नये. तुझ्याकडं काम उरलं ते इतकंच: शेळ्यांचं वाचून झालं की उठायचं आणि म्हणायचं, "तारीख धरा." दोन शब्द आहेत. आप्पासो दारात आहे तोवर म्हण.

ता. क. तिसरा. आजी हात धुवायला गेली आहे (आज आठव्यांदा), म्हणून घाईत दोन ओळी. तिनं सांगितलेलं सगळं मी जसंच्या तसं लिहिलं आहे, माझ्या कानांसकट. फक्त एक वाक्य सोडून. "आमच्या पोरीला काही घाई नाही" असं तिनं तीन ठिकाणी घालायला सांगितलं होतं. तिन्ही ठिकाणी मी ते घातलेलं नाही.
— स्वप्नाली